डिस्चार्जच्या दिवशी खोलीत विकलं गेलेलं ‘बेबी थर्मामीटर’

ज्यांची लेक बाळंतपणाला माहेरी नागपूरला येणार आहे, किंवा ज्यांच्या घरी लवकरच बाळ येणार आहे, त्यांच्यासाठी लिहिते आहे. दवाखान्यातून सुट्टी व्हायच्या दिवशी कोणी ‘बेबी किट’ घेऊन खोलीत आला आणि त्यात कपाळासमोर धरायची थर्मामीटरची गन असली, तर ती घेऊ नका. आमच्या नातीला काखेत १०१ ताप असताना त्या गनने ९७.८ दाखवलं. तेव्हा ती जेमतेम तीन आठवड्यांची होती.

हा माणूस वेळ बरोबर साधतो. सुट्टीच्या सकाळी जावई बिलाच्या काउंटरवर विम्याच्या कागदांत अडकलेले, लेक टाक्यांच्या दुखण्याने कशीबशी बसलेली, मी पिशव्या भरत होते. दारावर टकटक करून निळा अ‍ॅप्रन घातलेला, गळ्यात कार्ड लटकवलेला तरुण आत आला. बोलायला अगदी गोड. “काकू, डॉक्टर मॅडमच्या सगळ्या पेशंटले आपलीच किट जाते न जी. आता बाळाजवळ काचेचं काही ठेवाचं नाही, पारा तर बिलकुल नाही. हे बस कपाळासमोर धरा, एका सेकंदात टेंपरेचर.” डब्यात नखं कापायची छोटी कात्री, नाकातला शेंबूड ओढायचा फुगा, मऊ ब्रश असं काहीबाही होतं, पण किंमत सगळी त्या गनचीच. छापील ३,९९९, ‘हॉस्पिटल रेट’ २,२००. त्याने लेकीच्या कपाळासमोर धरून दाखवली, ९८.२. माझ्या, ९८. बाळाच्या, ९७.९. “बघा, सगळं नॉर्मल.” जावई वर आले, त्यांनी मोबाइलवरून पैसे पाठवले, त्याने हाताने लिहिलेली चिठ्ठी दिली आणि शेजारच्या खोलीकडे वळला.

त्या प्रात्यक्षिकाबद्दल नंतर मी खूप विचार केला. खोलीत आम्ही सगळे तापाविना होतो. ज्याला ताप नाही त्याच्यावर थर्मामीटर धरून ते खरं की खोटं, हे कोणालाच कळणार नाही. विकणाऱ्याला हे पक्कं ठाऊक असतं.

मे महिना होता. नागपूरचा मे ज्यांनी काढला आहे त्यांना सांगायला नको. कूलर रात्रभर चालू, तरी भिंती उष्णता सोडत असतात. एका रात्री नात दूध ओढेना. तोंडात धरायची आणि लगेच सोडून द्यायची. पोटाला हात लावला तर गरम वाटली. गनने ९७.८ सांगितलं. लेकीने पुन्हा धरली, ९७.६. कूलरसमोरून बाजूला नेऊन पुन्हा, ९७.८. हात एक सांगतो आहे आणि यंत्र दुसरं. या दिवसांत सगळंच गरम लागतं, म्हणून झबलं काढलं, ओल्या फडक्याने अंग पुसलं, आळीपाळीने मांडीवर घेऊन बसलो. सकाळपर्यंत ती मलूल झाली होती.

सकाळी आमच्या भागातल्या आशाताई आल्या. घरी येऊन नवजात बाळ तपासण्याचा सरकारी कार्यक्रम २०११पासून देशभर चालू आहे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे त्या ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी येतात. ही २१व्या दिवसाची भेट. मला आवर्जून सांगायचं आहे की या कामाचं मूळ आपल्या विदर्भातलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने १९९०च्या दशकात गावातल्याच बायकांना बाळाचं वजन, श्वास, तापमान बघायला शिकवलं आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले. आशाताईंच्या पिशवीत वजनाचा झोळीकाटा होता आणि एक साधं, पेनासारखं डिजिटल थर्मामीटर. त्यांनी बाळाची काख कोरडी केली, टोक आत ठेवलं, हात अंगाशी धरून ठेवला आणि कोणाशी न बोलता बसून राहिल्या. बीप वाजलं. १०१. त्यांनी पुसून दुसऱ्या काखेत लावलं. पुन्हा तेवढंच.

“ताई, आंघोळ-बिंघोळ काही नाही. असंच्या असं उचला आणि डॉक्टरकडे चला,” एवढंच त्या लेकीला म्हणाल्या.

धंतोलीत बालरोगतज्ज्ञांकडे नेलं, त्यांनी लगेच भरती केलं. रक्त, लघवी, पाठीतलं पाणी, सगळं तपासलं. लघवीच्या मार्गात जंतुसंसर्ग निघाला. शिरेतून औषधं सुरू झाली. आज नात खणखणीत आहे, तेवढं आधी सांगून टाकते. पण डॉक्टरांनी जे सांगितलं ते प्रत्येक घरात माहीत असायला हवं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरनहाइट, म्हणजे ३८ सेल्सिअस किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरी औषध देऊन वाट बघायची नसते, त्याच वेळी, मध्यरात्र असली तरी, दवाखान्यात न्यायचं असतं. एवढ्या लहान बाळात संसर्ग अंगभर पसरायला वेळ लागत नाही आणि ताप सोडून दुसरं लक्षण कधीकधी दिसतही नाही. उलट काखेतलं तापमान ९७.७च्या, म्हणजे ३६.५ सेल्सिअसच्या खाली गेलं तरी बाळ गारठतं आहे हे ओळखायचं, छातीशी धरून ऊब द्यायची, आणि तरी वर येत नसेल तर तेही घेऊन यायचं. थोडक्यात, या वयात निर्णय एकेका अंशावर होतो. म्हणूनच कायम ‘नॉर्मल’ दाखवणारं यंत्र घरात असणं हे यंत्रच नसण्यापेक्षा वाईट.

२०२४च्या मे अखेरीस आपल्या शहरातल्या हवामान खात्याच्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं होतं, आठवत असेल. देशभर बातमी झाली आणि मग सेन्सर बिघडल्याचं खात्याने जाहीर केलं. ५६ आकडाच असा होता की बघणारा चमकला. आमच्या गनची चूक चमकण्यासारखी नव्हती. ९७.८ बघून कोणत्या आईच्या मनात शंका येईल?

नात घरी आल्यावर जावयांनी ती गन नीट तपासली. माणसाचं तापमान मोजायच्या मोडवर ठेवून माझ्या कपाळावर, ९८.१. भिंतीवर, ९७.५. आणि माठावर, ९७.२. खऱ्या वैद्यकीय गनने माठासमोर आकडा द्यायलाच नको, ‘लो’ दाखवायला हवं, कारण ती साधारण ३२ ते ४३ सेल्सिअस एवढ्यातलंच मोजते. त्यांनी समजावलं ते असं. कपाळाची कातडी आतल्या शरीरापेक्षा थंड असते, म्हणून अशा गनमध्ये कातडीच्या आकड्यात भर घालून शरीराचं तापमान दाखवतात. ही भर यंत्राच्या पोटात होते, वापरणाऱ्याला ती दिसत नाही. तिथेच काहीही समोर आलं तरी ९७-९८च्या आसपास ओढून आणण्याची सोय करून ठेवली, तर बाहेरून पत्ता लागत नाही.

मग डबा बघितला. बनवणाऱ्याचं नाव नाही, आयात करणाऱ्याचा पत्ता नाही, कोणत्या देशात बनली ते नाही. ‘सीई’ (युरोपातल्या विक्रीसाठीची खूण) ही दोन अक्षरं तेवढी मोठी छापलेली. किमतीचं लेबल नखाने खरवडलं तर खाली जुनं लेबल, त्यावर २०२०चा महिना. करोनाच्या वर्षी दुकान, सोसायटी, कार्यालय, प्रत्येक दारावर अशा गन आल्या होत्या. उरलेला माल ‘बेबी’ लिहून नव्या डब्यात भरला असणार, असं मला वाटतं. बॅटरीच्या खाचेत पांढरट खरही जमलेली होती.

आपल्याकडे १ एप्रिल २०२०पासून सगळी वैद्यकीय उपकरणं औषधांच्या कायद्याखाली आली आहेत, आणि थर्मामीटरच्या वर्गातल्या उपकरणांना ऑक्टोबर २०२२पासून परवाना सक्तीचा आहे. म्हणजे डब्यावर उत्पादनाचा किंवा आयातीचा परवाना क्रमांक, बॅच नंबर, कंपनीचा पूर्ण पत्ता असायलाच हवा. नुसतं ‘सीई’ म्हणजे भारतातली परवानगी नव्हे. कारखान्यांत भट्टीचं तापमान मोजायच्या गनही ‘बाळासाठी’ म्हणून विकल्या जातात. त्यांच्यावर उणे ५० ते ४०० असा पट्टा लिहिलेला असतो आणि लाल ठिपका पडतो. त्यांच्यात दीड-दोन अंश सेल्सिअसचा फरक चालतो. दोन सेल्सिअस म्हणजे साडेतीन फॅरनहाइटच्याही वर. तो लाल लेझर बाळाच्या डोळ्यांजवळ नेण्यासारखाही नाही.

मग घ्यायचं काय? डॉक्टरांनी आम्हाला चिठ्ठीवर लिहून दिलं ते मऊ टोकाचं साधं डिजिटल थर्मामीटर, औषधाच्या दुकानातून, पक्क्या बिलासह. दीड-दोनशे रुपयांत आलं. जुलै २०२१मध्ये सरकारने डिजिटल थर्मामीटरवरच्या विक्रीच्या नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली होती, तेव्हा ही हजारोंची वस्तू नव्हेच. दुकानातच डबा उघडून, स्वतःच्या काखेत लावून बघा. कानात घालायचं थर्मामीटर सहा महिन्यांपर्यंत उपयोगाचं नाही, कानाची नळी फार अरुंद असते. कपाळाला चिकटवायच्या पट्ट्यांवर विसंबू नका. आणि आमच्या पिढीच्या कपाटात असतं ते पाऱ्याचं काचेचं तर नकोच. फुटलं तर पारा विषारी, आणि २०१८मध्ये आपल्या देशानेही पारा हटवण्याच्या जागतिक कराराला मान्यता दिलेली आहे.

चांगली, परवान्याची गन घेतली तरी नागपूरच्या उन्हाळ्यात तिचा भरवसा कमी. बहुतेकींच्या माहितीपत्रकात खोली ४० अंशांच्या आत हवी असं लिहिलेलं असतं. आपल्याकडे दुपारी वरच्या मजल्यावर ते जमतं का? त्यात कपाळावर घाम, वर कूलरचा झोत. मोठ्या मुलांसाठी झटपट अंदाज घ्यायला ठीक, नवजात बाळासाठी काखेतलंच.

साध्या थर्मामीटरचीही इथे एक खोच आहे. ते सर्वांत जास्त चढलेला आकडा धरून ठेवतं. खोलीच ४० अंशांची असेल तर टोक आधीच १०४ला तापलेलं असतं, आणि ताप नसलेल्या बाळाला ताप दिसतो. म्हणून मे-जूनमध्ये टोक माठाच्या पाण्याने पुसून, कोरडं करून मग लावायचं. नळाच्या पाण्याने नको, गच्चीवरच्या टाकीतलं पाणी दुपारी चटका देतं. मालिश, आंघोळ आणि शेक झाल्यावर अर्धा तास थांबायचं. (बाळाला धुरी देऊच नये, डॉक्टर त्यावर फार रागावतात आणि ते बरोबरच आहे.) दुपट्यात गुंडाळलेलं असेल तर आधी मोकळं करून ठेवायचं. टोक काखेच्या अगदी वरच्या खळीत, कातडीला कातडी लागलेली, मध्ये झबल्याची घडी नको. बीप वाजेपर्यंत हात सोडायचा नाही.

पैसे अजून परत मिळालेले नाहीत. चिठ्ठीवरचा फोन बंद. प्रसूतिगृहाच्या काउंटरवर ‘तो आमचा माणूस नाही’ हे उत्तर मिळालं, मात्र तिथल्या डॉक्टरांनी स्वतः फोन करून सांगितलं की त्यांनी कोणतीही किट कधीच सुचवलेली नाही, आणि आता खोल्यांमध्ये विक्रेत्यांना सोडत नाहीत. मोबाइलवरून गेलेले पैसे एका मोबाइल कव्हरच्या दुकानाच्या नावावर जमा झाले होते. रोख दिले असते तर एवढाही माग राहिला नसता. त्या नोंदीच्या आधारे राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर, म्हणजे १९१५वर, तक्रार नोंदवली. अन्न व औषध प्रशासनाला डब्याच्या सगळ्या बाजूंचे फोटो जोडून अर्ज दिला. गन, डबा, खरवडलेलं लेबल, काहीही फेकलेलं नाही, तपासणीला मागितलं तर द्यायला हवं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला शुल्क लागत नाही, तिथेही आम्ही जाणार आहोत.

परवा ओळखीतल्या एका सुनेची सुट्टी शहरातल्या दुसऱ्याच प्रसूतिगृहातून झाली. तिलाही अशीच किट दाखवली गेली. डबा गुलाबी होता, आत गन तीच, भाव १,८००. तिच्या सासूने परवाना क्रमांक विचारला, तर तो ‘आणून दाखवतो’ म्हणून गेला तो आलाच नाही. तुमच्या खोलीत असं कोणी आलं, तर पैसे काढण्याआधी डब्याचा चारही बाजूंनी फोटो घ्या, परवाना क्रमांक आणि जीएसटीचं बिल मागा, आणि लगेच काउंटरवर कळवा, म्हणजे तो शेजारच्या खोलीत पोचणार नाही.