कीबोर्ड-माउस संचाची नवी आवृत्ती घ्यावी का? एका डावखुऱ्या अक्षरजुळणीकाराचा वापरानंतरचा अनुभव

ज्यांच्याकडे या वायरलेस संचाची मागची आवृत्ती अजून धडधाकट आहे, त्यांनी नव्या आवृत्तीवर पैसे घालू नयेत, असे माझे मत झाले आहे. पावसाळ्याच्या तोंडावर मी हा संच घेतला आणि संक्रांत होऊन गेल्यावर हे लिहीत आहे. मधल्या काळात माझे मत एका बाबतीत पार बदलले, ते ओघात सांगेनच. कंपनीचे नाव देत नाही, कारण ज्या बदलाविषयी माझी तक्रार आहे तो आता एकाच कंपनीपुरता उरलेला नाही.

मी इंदूरला घरून मराठी आणि हिंदी अक्षरजुळणी व मुद्रितशोधन करते. लग्नपत्रिका, मंडळांच्या स्मरणिका, अधूनमधून एखादे पुस्तक, असे कामाचे स्वरूप आहे. मी डावखुरी आहे. माउस डाव्या हातात असतो, म्हणून कॉपी-पेस्टचे काम उजव्या हाताकडे येते. बहुतेक लोक कंट्रोल-सी आणि कंट्रोल-व्ही वापरतात, परंतु ती जोडी डाव्या हातासाठी सोयीची आहे. उजव्या हातासाठी त्याहून जुनी जोडी विंडोजमध्ये आजही चालते: कंट्रोल-इन्सर्टने कॉपी, शिफ्ट-इन्सर्टने पेस्ट आणि शिफ्ट-डिलीटने कट. ही सगळी बटणे कीबोर्डच्या उजव्या अंगाला असल्यामुळे डावा हात माउसवरून न उचलता काम होते. वर्षानुवर्षांच्या सवयीने माझा उजवा अंगठा उजव्या कंट्रोलवर आपोआप जाऊन टेकतो.

नव्या आवृत्तीत तो उजवा कंट्रोलच नाही. त्याच्या जागी कोपायलटचे, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा एआय मदतनीस उघडणारे, बटण आले आहे. मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०२४ मध्ये हे बटण जाहीर केले, तेव्हा विंडोजचे बटण आल्यापासूनच्या सुमारे तीस वर्षांतील कीबोर्डवरचा हा मोठा बदल म्हणून त्याचा गाजावाजा झाला. काही कंपन्यांनी त्यासाठी मेनूचे बटण काढले, तर काहींनी उजवा कंट्रोल. माझ्या संचाच्या कंपनीने दुसरा मार्ग पत्करला.

याचा प्रत्यक्ष परिणाम काय होतो, ते सांगते. एका पत्रिकेचा मजकूर लावताना मी निमंत्रकांच्या नावांचा परिच्छेद निवडला, सवयीने कंट्रोल-इन्सर्ट दाबले आणि दुसऱ्या चौकटीत शिफ्ट-इन्सर्ट केले. कॉपी झालेलीच नव्हती. आधीच्या पत्रिकेतील, म्हणजे दुसऱ्याच घराण्यातील काका-काकूंची नावे या पत्रिकेत येऊन बसली, आणि पडद्याच्या कडेला कोपायलटची खिडकी उघडून माझ्या प्रश्नाची वाट पाहू लागली. मुद्रितशोधनात ही गफलत सापडली म्हणून निभावले. एका बटणाचे काय एवढे, असे ज्यांना वाटेल त्यांनी छापून आलेल्या पाचशे पत्रिकांचा विचार करावा.

मला सर्वांत जास्त खटकते ते हे की, खोक्यावर वाढलेल्या गोष्टींची यादी ठळक अक्षरांत छापलेली होती आणि काढलेल्या गोष्टीचा कोठेही उल्लेख नव्हता. इतकेच नव्हे, तर विक्रेत्याच्या पानावरील छायाचित्र मागच्या आवृत्तीचे होते आणि त्यात उजवा कंट्रोल स्वच्छ दिसत होता. मी तक्रार केली तेव्हा कंपनीच्या सेवा केंद्राने हा दोष नसून रचनाच अशी आहे, असे उत्तर दिले. विक्रेत्याने परत करण्याची मुदत टळल्याचे कारण पुढे केले. त्यावर मी छायाचित्राची प्रत आणि खोक्याचा फोटो जोडून राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे, म्हणजे १९१५ क्रमांकावर, तक्रार नोंदवली. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीची व्याख्या आहे, आणि जी वस्तू दाखवली ती न देणे हे त्यात बसते असे माझे म्हणणे होते. पुढे विक्रेत्याने संपूर्ण संच परत घेण्याची तयारी दाखवली. मात्र तोपर्यंत माझे मत एका बाबतीत फिरले होते.

ती बाब म्हणजे माउसचा आवाज. नव्या माउसचे क्लिक जवळजवळ निःशब्द आहे. खरेदीच्या वेळी मी या गुणाला शून्य किंमत दिली होती. परंतु माझे काम बरेचसे रात्रीचे असते, आणि टेबलापासून चार हातांवर सासूबाई झोपतात. त्यांची झोप फार सावध आहे. जुन्या माउसच्या टिकटिकीने त्या कूस बदलत, मग मी काम थांबवून पहाटेवर ढकलत असे. आता त्यांना जाग येत नाही आणि स्मरणिकेचा एखादा फॉर्म, म्हणजे एकत्र छापल्या जाणाऱ्या पानांचा संच, रात्रीतच हातावेगळा होतो. ज्यांच्या घरी एकाच खोलीत काम आणि झोप दोन्ही चालते, त्यांना एवढ्या एका सुधारणेसाठी माउस बदलण्याचा सल्ला मी निःसंकोचपणे देईन.

बाकीच्या सुधारणा माझ्या दृष्टीने कागदावरच्या आहेत. संवेदनक्षमता १००० डीपीआयवरून ४००० झाली. माउस एक इंच सरकवल्यावर तो हालचालीचे किती टप्पे मोजतो, ते हे माप. फुल एचडी पडदा १९२० पिक्सेल रुंद असतो. म्हणजे विंडोजचा वेग सर्वसाधारण ठेवला, तर १००० डीपीआयला दोन इंचांपेक्षा कमी हालचालीत बाण या टोकाहून त्या टोकाला जातो, आणि ४००० डीपीआयला त्यासाठी अर्धा इंचही लागत नाही. वेलांटी आणि अनुस्वार यांच्या मध्ये कर्सर ठेवू पाहणाऱ्या माणसाला इतका चपळ बाण नकोच असतो. मी तो पहिल्याच संध्याकाळी खाली आणला. प्रतिसादाचा दर, म्हणजे माउस सेकंदाला किती वेळा संगणकाला आपली हालचाल कळवतो ते, १२५ वरून १००० हर्ट्झ झाला, म्हणजे आठ मिलिसेकंदांची वाट एकावर आली. माझा पडदा सेकंदाला ६० वेळा, म्हणजे साधारण १७ मिलिसेकंदांनी चित्र बदलतो. खेळणाऱ्यांना हा फरक जाणवत असेल, जुळणीच्या कामात तो जाणवत नाही. टाइप-सी चार्जिंग सोयीचे आहे हे मान्य, पण जुन्या माउसमध्ये पेन्सिल सेल होता आणि तो संपला की कोपऱ्यावरच्या दुकानातून आणून दोन मिनिटांत काम पुढे चालू होई. बंदिस्त बॅटरी आज उत्तम चालते, चार वर्षांनी कशी चालेल हा प्रश्न आहे.

कोपायलट बटणावर सॉफ्टवेअरचा उपाय आहे, आणि तो मी मनापासून करून पाहिला. हे बटण दाबल्यावर संगणकाला विंडोज, शिफ्ट आणि एफ-२३ असा एकत्रित संकेत जातो. (एफ-१३ ते एफ-२४ ही बटणे आयबीएमच्या जुन्या टर्मिनलांच्या कीबोर्डवर खरोखरच असत.) विंडोजच्या सेटिंगमध्ये या बटणाने काय उघडावे एवढेच ठरवता येते, त्याला कंट्रोल करता येत नाही. मायक्रोसॉफ्टच्याच पॉवरटॉईज या मोफत प्रोग्रॅममधील कीबोर्ड मॅनेजरने मात्र त्या संकेताला उजवा कंट्रोल नेमून देता येतो. काही आठवडे मी त्यावर समाधानी होते. पुढे लक्षात आले की हा कंट्रोल तो प्रोग्रॅम चालू असेपर्यंतचाच आहे. लॉगिनच्या पडद्यावर तो नसतो, आणि अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या खिडकीत पॉवरटॉईजही त्याच अधिकाराने चालू नसेल तर तो काम करत नाही. विंडोजच्या अपडेटनंतर संगणक पुन्हा सुरू झाला आणि प्रोग्रॅम उठायच्या आत मी कामाला लागले, की पुन्हा कोपायलटची खिडकी हजर. दहापैकी नऊ वेळा चालणारे कॉपीचे बटण माझ्या कामात न चालणाऱ्या बटणापेक्षा वाईट, कारण त्यावर विश्वास बसतो.

दरम्यान जुना माउस, जो एका क्लिकची दोन क्लिक मोजू लागला होता, मी आरएनटी मार्गावरील सिल्व्हर मॉलमध्ये दुरुस्तीला नेला. एका क्लिकचे दोन का होतात, हे तेथे नीट पाहता आले. बटणाखाली तांब्याच्या मिश्रधातूची बारीक पट्टी असलेला मायक्रोस्विच असतो. दाबल्यावर ती पट्टी क्षणभर थरथरते, म्हणून पहिल्या स्पर्शानंतरचे काही मिलिसेकंदांतले स्पर्श माउस सोडून देतो. पट्टी सैल पडली किंवा स्पर्शबिंदू काळवंडला, की थरथर त्या मुदतीच्या पलीकडे जाते आणि दुसरे क्लिक मोजले जाते. दुरुस्ती करणाऱ्या मुलाने माउस उघडून पाहिला आणि म्हणाला, “दीदी, सबका लेफ्ट जाता है, आपका राइट गया है.” डाव्या हातासाठी मी बटणांची अदलाबदल करून ठेवलेली असल्यामुळे माझे मुख्य बटण उजवे, आणि तेच झिजले होते. त्याने जुने तीन पाय सोल्डर वितळवून मोकळे केले, नवा स्विच बसवला आणि मजुरीसह दीडशे रुपये घेतले. नव्या संचाच्या किमतीपुढे ही रक्कम नगण्य आहे. पट्टीऐवजी प्रकाशकिरण वापरणारे ऑप्टिकल स्विच या संचात आले असते, तर हा आजारच उद्भवला नसता आणि मी त्यासाठी खुशीने पैसे मोजले असते. तशी सुधारणा मात्र कंपनीने केलेली नाही.

अखेर मी संच परत केला नाही. नवा माउस ठेवला, जुना कीबोर्ड पुन्हा टेबलावर आणला, आणि नवा कीबोर्ड उजव्या हाताने माउस धरणाऱ्या भाच्याला दिला, त्याला त्या बटणाची काही अडचण नाही. या जोडणीत एक गैरसोय आहे. जुन्या कीबोर्डचा रिसीव्हर, म्हणजे त्याचे वायरलेस संकेत घेणारा संगणकात खोचायचा छोटा तुकडा, नव्या माउसला ओळखत नाही, म्हणून दोन रिसीव्हर आणि दोन यूएसबी पोर्ट खर्ची पडतात. त्यातला माउसचा रिसीव्हर सुरुवातीला मी निळ्या यूएसबी ३ पोर्टमध्ये लावला होता, आणि शेजारी पेनड्राइव्हवर फाइल जाऊ लागली की बाण अडखळत असे. यूएसबी ३ वरून माहिती जाताना २.४ गिगाहर्ट्झच्या रेडिओलहरींच्या पट्ट्यात गोंगाट निर्माण होतो, हे इंटेलने २०१२ मध्येच लिहून ठेवले आहे, आणि हे रिसीव्हर त्याच पट्ट्यात चालतात. हातभर एक्स्टेन्शन वायर लावून रिसीव्हर टेबलावर आणला आणि अडखळणे थांबले. माउसमध्ये दोष आहे असे समजून तो परत करण्यापूर्वी हा उपाय अवश्य करून पाहावा.

ज्यांना तरीही नवा कीबोर्ड घ्यायचा आहे, त्यांनी दुकानात खोके उघडायला लावून सर्वांत खालची ओळ स्वतः पाहावी, आणि ऑनलाइन घेत असल्यास विक्रेत्याकडून प्रत्यक्ष वस्तूचा फोटो लेखी संदेशात मागवावा. दुरुस्त झालेला जुना माउस मी खणात ठेवला आहे. नव्याची बॅटरी थकली की तोच पुन्हा काढेन, फक्त तेव्हा त्या मुलाकडून त्यात आवाज न करणारे स्विच बसवून घेता येतील का, हे विचारणार आहे.