मों वाँतू आणि भाड्याची सायकल : बेद्वाँमधल्या दुकानाचा अनुभव

फ्रान्समध्ये मों वाँतू हा डोंगर सायकलने चढायचाय तर सायकल इथून बॉक्समध्ये पॅक करून न्यावी का तिकडेच भाड्याने घ्यावी, असं ग्रुपवर सारखं कोणीतरी विचारत असतं म्हणून सविस्तर लिहितोय. माझं मत सरळ आहे, तिकडेच घ्या. फक्त कंपनी कुठली, कार्बन किती हलकं वगैरे नंतर, आधी मागची कॅसेट, म्हणजे मागच्या चाकावरच्या दातेरी चक्रांचा संच बघा.

बेद्वाँ हे डोंगराच्या पायथ्याचं छोटं गाव, टूर द फ्रान्स ही सायकल शर्यत वाँतूला आली की बहुतेक वेळा याच बाजूने चढते, त्यामुळे गावात सगळीकडे सायकलवालेच. आम्ही आदल्या दिवशी संध्याकाळी दुकानात गेलो. तिथल्या मेकॅनिकने आधी वजन विचारलं आणि मग घरी कुठले चढ मारता ते विचारलं. मी सिंहगडाचा ग्राफ फोनवर दाखवला, तो त्याने झूम करून नीट बघितला आणि पुढे 50-34, मागे 11-34 अशी सायकल काढून दिली (हे आकडे दातांचे, पुढच्या दोन चक्रांना 50 आणि 34, मागे सगळ्यात छोट्याला 11 आणि मोठ्याला 34). मला खरं तर बाहेर लावलेली उंच रिमची भारी सायकल हवी होती, तिचं भाडंही जास्त होतं, तरी तो म्हणाला की वर मिस्ट्राल, म्हणजे तिथला जोराचा वारा, सुटला तर पुढचं चाक ओढलं जातं, साध्या रिमचीच न्या. गिऱ्हाइकाला महागातली वस्तू नको म्हणून सांगणारा दुकानदार, मी तर तिथेच खूश झालो.

गिअरचं एवढं का सांगतोय ते बघा. पुढे 34 आणि मागे 34 म्हणजे पेडलचा एक फेरा आणि चाकाचाही एकच फेरा, साधारण 2.1 मीटर. मिनिटाला 60 फेरे मारले की ताशी साडेसात किलोमीटर होतात आणि 9 टक्के चढावर आपल्यासारख्या हौशी माणसाला तेवढाच वेग तासभर टिकवता येतो. मागचं मोठं चक्र 28 दातांचंच असेल तर त्याच वेगाला फेरे पन्नासच्याही खाली जातात, मग गुडघे बोलायला लागतात.

बेद्वाँहून माथा 21 किलोमीटर आणि चढ जवळपास 1600 मीटर. सुरुवातीचे पाच-सहा किलोमीटर द्राक्षांच्या मळ्यांतून इतके निवांत आहेत की माणूस उगाच जोरात जातो. सेंत एस्तेव्हचं डावं वळण आलं की रस्ता जंगलात शिरतो आणि तिथून खरा वाँतू सुरू. आपल्या घाटासारखी वळणं नाहीत की वळणावर जरा दम खावा, नुसता वर जाणारा रस्ता, सरासरी 9 टक्के, तोही आठ-नऊ किलोमीटर, वारा नाही, दरीचा व्ह्यू नाही, फक्त आपल्याच श्वासाचा आवाज आणि कडेचे किलोमीटरचे दगड. शाले रेनारला झाडं संपतात, तिथे पाणी भरून घ्या. 2016 साली वाऱ्यामुळे टूरचा फिनिश माथ्यावरून इथेच खाली आणला होता, आणि त्याच दिवशी मोटरसायकलच्या गोंधळात सायकल मोडल्यावर क्रिस फ्रूम हा सायकलपटू आघाडीवाल्याच्या पिवळ्या जर्सीत चक्क पायी पळत सुटला होता.

शेवटचे सहा किलोमीटर नुसते पांढरे दगड, आणि माथ्यावरचा मनोरा समोर दिसत असतो पण जवळ म्हणून येत नाही. माथ्याच्या अलीकडे उजव्या हाताला टॉम सिम्पसन या ब्रिटिश सायकलपटूचं स्मारक आहे. 13 जुलै 1967, टूरचा दिवस, भयंकर ऊन, पोटात अँफेटामिन आणि दारू, 29 वर्षांचा माणूस इथे कोसळला तो गेलाच. पायऱ्यांवर लोकांनी बाटल्या, टोप्या ठेवलेल्या असतात. टायमिंगची पर्वा न करता इथे थांबा, मी थांबलो.

उतरताना सायकलची खरी किंमत कळली. डिस्क ब्रेक एकदाही कुरकुरले नाहीत, टायर नवे होते. विंडचीटर मात्र खिशात हवाच, खाली उन्हाने जीव जातो आणि वर बोटं गारठतात.

तक्रारी दोनच. दुकान सकाळी नऊला उघडतं, उन्हाळ्यात तोवर उशीर झालेला असतो, त्यामुळे सायकल आदल्या संध्याकाळीच ताब्यात घ्यावी लागते आणि त्याचं अर्ध्या दिवसाचं भाडं वेगळं घेतात, हे मला पटलं नाही. दुसरं म्हणजे सीटखालच्या पिशवीत ट्यूब एकच होती, मागितल्यावर दुसरी दिली पण आधीच असायला हवी. डिपॉझिट क्रेडिट कार्डवर ब्लॉक करतात, हेल्मेट आणि पेडल आपले न्या, पेडल ते लगेच बसवून देतात, सीटची उंची घरी मोजून लिहून ठेवा. जुलैत टूर त्या बाजूला येणार असेल तर बुकिंग खूप आधी करा, आणि मेलमध्ये पहिल्याच ओळीत 11-34 पाहिजे म्हणून लिहा.