मुंबई सिटीचा २०२३-२४ हंगाम, पूर्ण वापरून झाल्यावर: माल उत्तम, वेळ भिकार

मुंबई सिटी हा आयएसएलमधला, म्हणजे इंडियन सुपर लीग या फुटबॉल लीगमधला संघ. संघ किती, प्ले-ऑफ कसे होतात हे सांगत बसत नाही. इथवर आलात म्हणजे ठाऊक असणारच. खालचा पहिला भाग जानेवारीतला आहे, लीगला सुट्टी लागली तेव्हा लिहिलेला. त्यात रागाच्या भरात लिहिलेलं बरंच आहे, पण पुसलं नाही. मूळ तक्रार अजून तीच आहे.

जानेवारी

तक्रार एकच. रात्री आठ.

माझं ऑफिस अंधेरी एमआयडीसीत आणि घर बदलापूर पूर्वेला. सहाला सुटून मेट्रोने आझाद नगरला उतरलं की स्टेडियम चालत जाण्याइतकं जवळ. पण आठपर्यंत करायचं काय? वीरा देसाई रोडवर फुकट बसू देणारी जागा मला तरी सापडलेली नाही. एक चहा होतो, मग दुसरा होतो, मग भाच्याला भूक लागते. शिट्टी वाजायच्या आधीच तिकिटावर वरखर्च सुरू.

खरा फटका परतीचा. आठची मॅच इंज्युरी टाइम धरून दहाच्या सुमारास संपते. गेटातून बाहेर पडा, मेट्रोत बॅग तपासून घ्या, घाटकोपरला गर्दीतून खाली उतरा आणि फलाटावर उभं राहून बघा: ठाणे गेली, कल्याण गेली, अंबरनाथही गेली, आपली काही येत नाही. बदलापूर नाहीतर कर्जत मिळून घरच्या स्टेशनावर उतरेपर्यंत तारीख बदलायला आलेली असते. त्या वेळी शेअर रिक्षाची रांग संपलेली असते. उरतो तो 'स्पेशल'वाला. दिवसा ज्या अंतराला मी एका सीटचे पैसे देते, तिथे तो अख्ख्या रिक्षाचे मागतो आणि वर रात्रीचे वेगळे. हेच साडेसातला सुरू झालं असतं तर शेअर मिळाली असती. अर्धा तास. एवढ्या अर्ध्या तासासाठी आठवड्याच्या भाजीचे पैसे जातात.

टीव्हीवाल्यांना आठ बरं पडत असेल, पडू दे. स्टेडियमात बसणारे आधीच मोजके. अंधेरीच्या मैदानात सात हजारांच्या आसपास माणसं मावतात, त्यातली निम्मी तरी लोकल पकडणारी. त्यांचा विचार कुणी करायचा?

भाचा कोल्हापूरचा, नोकरीसाठी माझ्याकडे राहतो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील, खंडोबा, दिलबहार हे तिथले संघ बघत वाढलेला. तो म्हणतो, "मावशी, आमच्याकडं दुपारी मॅच सुरू हुती, संपली की माणूस दिवसाउजेडी घरात. हितं मॅच संपली की तू सरळ सकाळच्या डब्याला लागायचं." गंमत म्हणून बोलतो, पण डबा मलाच करावा लागतो.

आता खेळाबद्दल. संघ चांगला आहे, यात वाद नाही. नोव्हेंबरात प्रशिक्षक डेस बकिंगहॅम चालू हंगामात सोडून इंग्लंडला ऑक्सफर्ड युनायटेडकडे गेले, तेव्हा वाटलं आता संपलं. आदल्या वर्षी २० सामन्यांत ४६ गुण काढून लीग शील्ड, म्हणजे साखळीत पहिलं येणाऱ्याची ट्रॉफी, मिळवून देणारा माणूस तो. त्यांच्या जागी मेलबर्न सिटीहून पेत्र क्रात्की आले. दरम्यान आशियाई चॅम्पियन्स लीगमध्ये सहाच्या सहा सामने हरलो. ते प्रकरण या रिव्ह्यूत धरत नाही. तो वेगळा माल आणि त्याची किंमत वेगळी.

८ डिसेंबरला बंगळुरूला त्यांच्याच मैदानावर ४-० हरवलं. आदल्या हंगामात, मार्च २०२३मध्ये याच बंगळुरूने उपांत्य फेरीत पेनल्टीवर ९-८ असं बाहेर काढलं होतं, त्यामुळे हा सामना मला मोठ्या पडद्यावरच बघायचा होता. चॅनल दिसेना. केबलवाल्याला फोन केला तर तो म्हणतो, "मॅडम, पॅक वाढवा." मी हिशेबाच्या खात्यात काम करते. त्याचंच बिल काढून त्याच्याच यादीत त्या चॅनलचं नाव दाखवलं. मग म्हणे बॉक्स बंद करून चालू करा. मग म्हणे माणूस पाठवतो. माणूस सोमवारी आला आणि मॅच शुक्रवारी होती. शेवटी भाच्याच्या मोबाईलवर, जिथे एक पैसा लागत नव्हता, तिथे पाहिली. पैसे भरले तिथे अंधार आणि फुकटात चित्र, ही आपल्या देशातली नवी रीत दिसते.

आणि मग २० डिसेंबर, घरच्या मैदानावर कोलकात्याचा मोहन बागान. बुधवार, आठ वाजता. पाहिलेल्यांना सांगायला नको, न पाहिलेल्यांसाठी एवढंच की सात लाल कार्डं निघाली, चार आपली, तीन त्यांची. आकाश मिश्रा तेराव्या मिनिटालाच बाहेर. दहा जणांनिशी मागे पडून ग्रेग स्टुअर्टने बरोबरी केली, उत्तरार्धात बिपिन सिंगने दुसरा मारला, २-१. आजूबाजूचे लोक खुर्च्यांवर उभे राहून ओरडत होते. मी घड्याळ बघत होते, कारण प्रत्येक लाल कार्डामागे ढकलाढकली, रेफ्रीभोवती घोळका, बाकावरच्यांचा आरडाओरडा. कार्ड खिशातून निघायला एक सेकंद आणि खेळाडू बाहेर जायला दोन मिनिटं. त्या रात्रीची स्पेशल रिक्षा या हंगामातली सर्वांत महाग रिक्षा.

दुसऱ्या दिवशी सगळे म्हणत होते व्हीएआर, म्हणजे व्हिडिओ बघून रेफ्रीचा निर्णय तपासायची सोय, आणा, या लीगमध्ये व्हीएआर नाही हीच लाज. माझं मत उलट आहे. आठला मॅच सुरू करणार असाल तर व्हीएआर आणूच नका. एकेका ऑफसाइडच्या रेषा आखत बसलात तर आम्हाला पहिल्या लोकलने जावं लागेल. आधी वेळ सुधारा, मग काय ते मशिन लावा.

आतापर्यंत पाचपैकी अडीच तारे. खेळाला चार मिळाले असते.

मार्च, मधली भर

मत थोडं बदललंय, म्हणून ही भर.

आशिया चषकात भारत तिन्ही सामने एकही गोल न करता हरला, लीग पुन्हा सुरू झाली आणि दुसऱ्या टप्प्याचं वेळापत्रक हातात पडलं. त्यात साडेसात. आठ नव्हे, साडेसात! मी दोनदा वाचलं, भाच्याला वाचायला लावलं. ज्या एका गोष्टीसाठी मी तारे कापले होते ती दुरुस्त होऊन आली.

फरक काय पडला? घाटकोपरला बदलापूर लोकलमध्ये बसायला जागा नाही मिळाली तरी दारापासून आत सरकता येतं. स्टेशनबाहेर शेअरची रांग असते. घरी पोचून गरम जेवता येतं. ऑफिस सुटल्यावरचा दुसरा चहाही गेला. कुणी म्हणेल ही फुटबॉलची समीक्षा आहे की रेल्वेची. ज्यांचं घर अंधेरीत आहे त्यांनी खुशाल म्हणावं.

संघात उलथापालथ झाली आहे. स्टुअर्ट जानेवारीत गेला. त्याच्याविना चेंडू पुढे कोण नेणार असं वाटत होतं, पण छांगटे आणि विक्रम प्रताप दोन्ही बाजूंनी पळत सुटतात आणि मधे अपुइया सगळं झाडूनपुसून ठेवतो. आलेल्यांत इकेर ग्वारोचेना आवडला. याकुब वोयतुश अजून कळला नाही.

८ मार्चला जमशेदपूरमध्ये १-१ झाली तेव्हा मी कपाळाला हात लावला. नंतर कळलं की एक लाल कार्ड आणि त्यानंतरची एक बदली यांत जमशेदपूरच्या बाकाचा हिशेब चुकला. मैदानावर किमान सात भारतीय खेळाडू हवेत, तेवढे राहिले नाहीत. शिस्तपालन समितीने सामना ३-० असा मुंबईला दिला. घरबसल्या दोन गुण वाढले. मला यात काही गैर वाटत नाही. नियम छापलेला आहे, तो न वाचणाऱ्याने भरपाई द्यावी. माझ्या केबलवाल्यालाही हाच न्याय लागू करायला हवा.

हैदराबादबद्दल मात्र वाईट वाटतं. दोन वर्षांपूर्वीचा विजेता संघ, आता पैसे नाहीत म्हणून परदेशी खेळाडू निघून गेले आणि पोरांना घेऊन खेळतायत. त्यांच्याविरुद्धच्या सामन्याला पूर्ण तिकीट घेणं मला पटत नाही. उधारीवर दुकान चालवणाऱ्यांना लीगमध्ये ठेवायचं आणि गिऱ्हाइकाकडून पूर्ण दाम घ्यायचं, हा कुठला धंदा?

मे, शेवटचा हिशेब

आधी दुखरी गोष्ट. १५ एप्रिल, सॉल्ट लेक, बागानचं कोलकात्यातलं मैदान. लीगचा शेवटचा सामना, शील्डसाठी मुंबईला बरोबरीही पुरली असती. साठ हजारांवर माणसं विरोधात ओरडत होती. लिस्टन कुलासोने पहिला घातला. पोरगा गोव्याचा, त्यामुळे रागही धड येत नाही. नंतर कमिंग्सने दुसरा. छांगटेने शेवटी एक परत केला, पण २-१. बागान ४८, मुंबई ४७, गोवा ४५. ते जमशेदपूरचे दोन गुण काढून बघा, गोव्याच्या बरोबरीला येतो. पहिले दोनच थेट उपांत्य फेरीत जातात, म्हणजे त्या दोन गुणांची किंमत काय होती ते समजेल.

इथे एक हिशेब मांडते, कारण कुणीच मांडत नाही. या हंगामात शील्ड जिंकणाऱ्याला साडेतीन कोटी. चषक, म्हणजे प्ले-ऑफचा अंतिम सामना, जिंकणाऱ्याला सहा कोटी. शील्डसाठी सप्टेंबरपासून २२ सामने, पाऊस, उकाडा, विमानं, दुखापती. चषकासाठी, पहिल्या दोनांत असाल तर, उपांत्य फेरीचे दोन आणि एक अंतिम. कष्ट २२ सामन्यांचे आणि मोबदला तीन सामन्यांना जास्त. आमच्या ऑफिसात असा बोनस वाटला असता तर युनियनने कुलूप घातलं असतं. गेल्या वर्षी आम्ही शील्ड घेतली तेव्हा लोक म्हणाले खरी ट्रॉफी ती नव्हे. या वर्षी चषक घेतला तर म्हणतात खरी लीग बागानने जिंकली. घ्या.

पण २४ एप्रिल. गोव्यातलं फातोर्डा, उपांत्य फेरीचा पहिला सामना. बोरिस सिंग आणि ब्रँडन फर्नांडिसचे गोल, गोवा २-० पुढे, नव्वदावं मिनिट आलेलं. मी उठून ओट्याकडे गेले होते, भाचा मोबाईल धरून बसला होता. तो ओरडला, मी आले, छांगटेने एक मारला होता. ठीक आहे, २-१, घरच्या सामन्यात बघू असं म्हणेपर्यंत विक्रम प्रतापने दुसरा मारला. मिनिटभरात. मग इंज्युरी टाइमच्या सहाव्या मिनिटाला पुन्हा छांगटे, ३-२. ज्या जादा मिनिटांना मी डिसेंबरपासून शिव्या घालत होते त्यातच तीनपैकी दोन गोल झाले. भाच्याने लगेच टोमणा मारला, "मावशी, ही मिन्टं कापायची व्हती न्हवं तुला?" मी म्हटलं, साडेसातला सुरू झाली म्हणून साडेनऊला तुझं ओरडणं शेजाऱ्यांना चाललं. आठला झाली असती तर त्यांनी दार ठोठावलं असतं.

२९ तारखेला अंधेरीत दुसरा सामना, सोमवार. पेरेरा डियाझ आणि छांगटे, २-०, एकूण ५-२. मी शेवटच्या शिट्टीपर्यंत बसले, नंतर खेळाडू मैदानाला फेरी मारत होते तेव्हाही बसले. घड्याळ पाहिलं ते एकदाच, तेही सवयीने. आणि बदलापूरला शेअर रिक्षा मिळाली, चौथी सीट, ड्रायव्हरच्या बाजूची, तरी मिळाली.

४ मेच्या अंतिम सामन्यात पुन्हा सॉल्ट लेक, पुन्हा बागान, आणि मध्यंतराआधी पुन्हा कमिंग्सचा गोल. एप्रिलचाच तमाशा परत दाखवतायत की काय असं वाटलं. मग पेरेरा डियाझने बरोबरी केली. ८१व्या मिनिटाला बिपिनने, आणि अगदी शेवटी वोयतुशने. ३-१. बिपिनबद्दल एक सांगते: २०२१च्या अंतिम सामन्यातही बागानविरुद्ध नव्वदाव्या मिनिटाला विजयी गोल त्याचाच होता. बाकी वर्षभर तो काय करतो ते विचारू नये, त्याला बागानसमोर सोडावं. मार्चमध्ये ज्याला मी कळला नाही म्हटलं त्या वोयतुशचं काम बहुधा एवढंच होतं, आणि ते त्याने चोख केलं.

आता तारे. चार. एक कापला तो पहिल्या अर्ध्या हंगामातल्या रात्री आठसाठी. तो परत मिळणार नाही, कारण तेव्हाच्या स्पेशल रिक्षांचे पैसेही मला परत मिळालेले नाहीत.

पुढच्या हंगामाचं तिकीट घ्यावं का? अंधेरी, गोरेगाव, ठाण्यापर्यंत राहत असाल तर डोळे मिटून घ्या. कल्याणपुढचे असाल तर आधी वेळापत्रक बघा, मग पैसे भरा. आठ दिसलं तर फक्त शनिवारचे सामने निवडा. दोन सामने असलेल्या दिवशी पहिला पाचच्या आसपास असतो, तो आपल्या वाट्याला आला तर सोनं. मात्र तो रविवारी पडला तर आदल्या रात्री मध्य रेल्वेचा मेगाब्लॉक कुठे आहे ते वाचून निघा, कारण ब्लॉक असेल तर पाचच्या मॅचसाठीही एकला घर सोडावं लागतं.