सूत्रधाराविना एक वर्ष : ‘द क्वाएट इयर’

बेळगावच्या शहापुरातल्या एका जुन्या घराच्या माडीवर आम्ही चौघे मित्र रविवारी रोलप्लेइंग गेम, म्हणजे पात्रे होऊन बोलत बोलत कथा रचण्याचा खेळ, खेळतो. १९७४ साली ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ आला तेव्हापासूनच्या रिवाजाप्रमाणे कथा रचणे, राक्षस सांभाळणे आणि वाद तोडणे ही सगळी कामे एकाच मित्राच्या, म्हणजे ‘गेम मास्टर’च्या, गळ्यात पडली होती. संगीत नाटकातला सूत्रधार निदान नांदी आटोपून विंगेत तरी जातो. आमच्या गेम मास्टरला तेवढीही उसंत नसे. यंदा त्याने हात जोडले, म्हणून गेम मास्टर लागतच नाही असा, ॲव्हरी ऑल्डर यांचा २०१३ सालचा ‘द क्वाएट इयर’ आम्ही घेतला.

दोन ते चार जणांच्या या खेळात कुणालाच स्वतःचे असे एक पात्र नसते. मोठ्या विध्वंसातून वाचलेली एक वस्ती सर्वांनी मिळून वर्षभर चालवायची आणि तिचा नकाशा कागदावर काढत जायचा. पत्त्यांचा साधा जोड पुरतो : बदाम म्हणजे वसंत, चौकट म्हणजे उन्हाळा, मग किलवर आणि शेवटी इस्पिकचा हिवाळा, एक पान म्हणजे एक आठवडा. प्रत्येक पान एखादा प्रश्न विचारते किंवा संकट आणते, म्हणजे गेम मास्टरचे निम्मे काम तिथेच होते. आमचा नकाशा पाहता पाहता खानापूर तालुक्यासारखा दिसू लागला. नदी कणकुंबीच्या बाजूने आली आणि कौलांची भट्टीही निघाली.

खेळाचे खरे कसब चर्चेच्या नियमात आहे. प्रत्येकाने एकदाच, एकदोन वाक्ये बोलायचे आणि निर्णय न घेता चर्चा संपवायची. भट्टीमागे विहीर खणावी असे मी मांडले. ‘‘तिथं कातळ लागंल की रे,’’ म्हणून आमचा माजी गेम मास्टर पुढचे समजावू लागला, तेव्हा त्याची पाळी संपल्याचे त्याला सांगावे लागले. माझ्या पुढच्या पाळीला मी कुणाला न विचारता विहीर सुरू केली आणि कामाचे उरलेले आठवडे दाखवणारा सहाचा फासा नकाशावर ठेवला. नियमात हे बसते. ज्याला डावलल्यासारखे वाटेल त्याने नाराजीचा एक खडा आपल्यापुढे घ्यायचा असतो. आम्ही चिंचोके वापरले. त्याने एक चिंचोका मुकाट्याने उचलला. चार वर्षांत त्याच्या निकालांवर आम्ही कुरकुरलो असू, पण ती कुरकुर अशी डोळ्यांसमोर कधी दिसली नव्हती.

उणिवाही सांगितल्या पाहिजेत. ज्याला गुपित माहीत आहे असा कुणी बसलेला नसल्यामुळे रहस्यकथा इथे रंगत नाही. आपणच लपवलेले आपणच शोधण्यात काय मौज? शिवाय इंग्रजी नियम मीच वाचले असल्याने सारखे माझ्याच तोंडाकडे पाहिले जाई, आणि अर्ध्या खेळात मीच नकळत पंच झालो. नियमपत्रिका पाळीपाळीने मोठ्याने वाचता आली असती. ते आम्ही आळसाने टाळले, तो दोष खेळाचा नव्हे. ज्या गटात एकच जण राबतो किंवा एकच जण बोलतो, त्यांनी हा खेळ जरूर घ्यावा. तलवारबाजीची हौस असणाऱ्यांनी मात्र गेम मास्टरलाच चहा पाजून राजी करावे.

इस्पिकचा राजा निघाला की खेळ तिथेच थांबतो, आणि इस्पिकची पाने पिसलेली असल्यामुळे तो चाळिसाव्या आठवड्यापासून केव्हाही येऊ शकतो. आमच्याकडे तो त्रेचाळिसाव्याला आला. विहिरीच्या फाशावर दोन आठवडे अजून शिल्लक होते, आणि माजी गेम मास्टरपुढे तीन चिंचोके.