युपितेर-३७ए: आणली फ्लेमिंगोसाठी, कामाला आली सासूबाईंसाठी

आधीच सांगून टाकते, ही जुनी रशियन लेन्स मी साफ चुकीच्या कारणासाठी घेतली. आम्ही ठाण्यात कोलशेत रोडला राहतो, खाडी हाकेच्या अंतरावर, दर हिवाळ्यात सगळ्यांचे फ्लेमिंगोचे फोटो बघून माझी चिडचिड होते कारण माझ्याकडे सोनी ६४०० कॅमेरा आहे पण त्याच्यावर सोबत मिळालेली १६-५० मिलिमीटरची किट लेन्स, तिच्यातून फ्लेमिंगो म्हणजे चिखलावर पडलेला गुलाबी तीळ. दूरचं जवळ आणणाऱ्या नवीन टेली लेन्सच्या किमती बघितल्या, टॅब बंद केला. मग ऑफिसातला एक जण म्हणाला रशियन जुन्या लेन्स बघ, दणकट असतात आणि स्वस्तात मिळतात, आणि झालं, पुढचे पंधरा दिवस रात्री झोपायच्या वेळी मी त्याच बघत होते. नवरा म्हणाला, घे एकदाची नि झोप.

बोरा बाजारात गेले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, फोर्टमध्ये सीएसएमटीला उतरून चालत पाच-सात मिनिटं, गल्लीभर कॅमेऱ्याची दुकानं. दोन-तीन दुकानांत जुन्या लेन्सचं कपाट निघतं, विचारलं की काढून दाखवतात. मी प्रश्न विचारत होते आणि दुकानदार उत्तरं नवऱ्याला देत होता, ज्याला लेन्सची पुढची बाजू कुठली तेही माहीत नाही, पण जाऊ दे. "अंदर से एकदम क्लीन है मॅडम" हे मात्र मला बघून म्हणाला. पाच हजार दोनशे सांगितले, साडेचार हजारांना सुटली, अ‍ॅडॉप्टर वेगळा, नऊशे. घरी येऊन मोबाइलचा टॉर्च मागून मारून बघितलं तर कडेला केसासारखा एक बारीक धागा, म्हणजे फंगस. तेव्हा पहिला धडा, टॉर्च दुकानात मारायचा, घरी नाही. एका बाजूने प्रकाश टाकायचा, दुसऱ्या बाजूने तिरकं बघायचं आणि ते करताना लाजायचं नाही.

आता लेन्सबद्दल. १३५ मिलिमीटर, एफ ३.५ (हा अ‍ॅपर्चरचा आकडा, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाचा; आकडा लहान तेवढं भोक मोठं), स्क्रू माउंट म्हणजे एम-४२, झेनिट नावाच्या रशियन कॅमेऱ्यांचा तो जुना आट्यांचा प्रकार, ४२ मिलिमीटर व्यासाचा. सगळं लोखंडी... म्हणजे लोखंड नसेल, धातू म्हणा, पण सासूबाईंनी हातात घेतल्यावर पहिला शब्द "खलबत्ता" हाच काढला. प्लॅस्टिक औषधालाही नाही. नाव रशियन लिपीत कोरलंय, पहिलं अक्षर थेट आपल्या इंग्रजी दहासारखं दिसतं त्यामुळे मी आधी "१० काहीतरी" असं वाचत होते. ते "युपितेर" आहे, म्हणजे ज्युपिटर, गुरू ग्रह. सोव्हिएत लेन्सवरच्या नंबरातले पहिले दोन आकडे सहसा बनवल्याचं वर्ष असतं, माझ्या लेन्सवर ८१ आहे, म्हणजे माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी.

हिचं घराणं मुळात जर्मन आहे. झाइस या जर्मन कंपनीचं सोनार नावाचं डिझाइन होतं, लुडविग बेर्टेलेने केलेलं, महायुद्धाच्या आधीचं. युद्ध संपल्यावर सोव्हिएत लोकांनी झाइसच्या कारखान्यातून यंत्रं, काच, जाणकार माणसं उचलून नेली आणि त्या डिझाइनवरून युपितेर नावाच्या लेन्सची अख्खी रांग काढली. ३७ नंबरची त्यातलीच एक, आत फक्त चार काचा, तीन गटांत. आजच्या टेली लेन्समध्ये पंधरा-वीस काचा असतात ते बघता हे म्हणजे पिठलं-भाकरी, पण नीट केलेलं.

लावायचं कसं, तर मिररलेसवर, म्हणजे माझ्या सोनीसारख्या आत आरसा नसलेल्या कॅमेऱ्यावर, सोप्पं. जुन्या स्क्रू लेन्सला सेन्सरपासून (फोटो टिपणारी आतली चकती) ४५.४६ मिलिमीटर लांब बसावं लागतं आणि सोनीचा माउंट सेन्सरपासून फक्त १८ वर आहे, म्हणजे मधली जागा भरायला एक पोकळ नळी पुरते, अ‍ॅडॉप्टर म्हणजे तेवढंच, आत काच नाही काही नाही. कॅननच्या जुन्या डीएसएलआरला, म्हणजे आरसावाल्या कॅमेऱ्याला, पण चालतं कारण तिथे ४४ आहे, पातळशी रिंग मावते. पण निकॉनच्या डीएसएलआरवाल्यांनी दोनदा विचार करा, तिथे ४६.५ आहे, म्हणजे लेन्स लागते त्याच्याहून मुळातच लांब बसते आणि दूरचं फोकसच होत नाही, मग काचवाला अ‍ॅडॉप्टर घ्यावा लागतो आणि त्या दोनशे रुपयांच्या काचेतून बघायचं असेल तर ही लेन्स घेतलीच कशाला.

पहिल्या दिवशी मी अर्धा तास बटण दाबत होते, कॅमेरा फोटोच काढेना. अ‍ॅडॉप्टरला इलेक्ट्रिकचं काही नाही त्यामुळे कॅमेऱ्याला वाटतं लेन्सच नाही. मेनूत "रिलीज विदाउट लेन्स" असं आहे ते चालू करायचं. ते सापडेपर्यंत मी मनातल्या मनात बोरा बाजारच्या त्या माणसाला भरपूर काही बोलून घेतलं होतं.

फेब्रुवारीत ऐरोलीला गेलो, तिथल्या किनारी जैवविविधता केंद्रातून बोट सुटते, भरतीच्या वेळा बघून. ठाणे खाडीचा तो पट्टा २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे आणि २०२२ मध्ये रामसर यादीत आला, एवढ्या लोकांच्या गर्दीत एवढी पाखरं बघून खरंच छाती भरून येते. फोटोंचं विचाराल तर शून्य. लहान फ्लेमिंगो (पिल्लू नव्हे, जातीचं नावच ते) असतो साधारण ८५ सेंटीमीटर उंच, बोट त्यांच्यापासून साठेक मीटरवर, हिशोब केला तर १३५ ने तो फ्रेमच्या उंचीच्या आठव्या भागाइतकाच येतो. त्यात बोट हलतेय, फोकस हाताने, ६४०० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हात हलला तरी फोटो सांभाळून घेणारी सोय) नाही, बाजूचे काका सहाशे मिलिमीटरची पांढरी लेन्स घेऊन धडाधड मारतायत आणि मी अजून रिंगच फिरवतेय. काकांनी विचारलं, "काय हो, कुठली?" म्हटलं, रशियन. "अरे वा," म्हणाले आणि परत आपल्या कामाला लागले. त्यांच्या जागी मी असते तरी तेच केलं असतं. तर पक्ष्यांसाठी ही घेऊ नका. कोणी कितीही सांगू दे क्रॉप सेन्सरवर, म्हणजे माझ्या कॅमेऱ्यातल्यासारख्या छोट्या सेन्सरवर, १३५ ची २०० होते वगैरे, होते, पण २०० पण पक्ष्यांना कमीच पडतं. तेवढ्या पैशाला थोडी भर घालून सोनीची सेकंडहँड ५५-२१० मिळते का बघा, लांब टोकाला ६.३ वर अंधारी आहे पण ऑटोफोकस आहे, स्टॅबिलायझेशन आहे, बोटीवर तीच बरी.

मग माझी रशियन लेन्स महिनाभर कपाटात पडून होती. एका रविवारी सासूबाई खिडकीशी बसून वाटाणे सोलत होत्या, मी समोरच्या सोफ्यावर, सहज लेन्स लावली आणि बघितलं तर... आता कसं सांगू. तीन-चार मीटरवर माणूस या लेन्समध्ये छातीपर्यंत बरोब्बर बसतो, त्याला कळत पण नाही की आपण काढतोय, आणि मागचा पडदा, कुंड्या, समोरची बिल्डिंग सगळं लोणी होऊन जातं. चेहरा टोचत नाही. सुरकुत्या दिसतात पण हल्लीच्या लेन्स कशा एकेक सुरकुती मोजून हातात देतात तसं नाही. सासूबाईंना स्वतःचा एकही फोटो आवडत नाही, हा त्यांनी भिसीच्या ग्रुपवर टाकला.

तेव्हा कळलं की ही टेलिफोटो म्हणून नाही, माणसांची लेन्स म्हणून घ्यायची.

त्यानंतर पाडव्याच्या शोभायात्रेला घेऊन गेले. ठाण्याची यात्रा कोपिनेश्वर मंदिरापासून निघते, मी राम मारुती रोडला कोपरा धरून उभी. इथे फोकसची खरी परीक्षा झाली. ३.५ वर चार मीटरला जेमतेम बारा सेंटीमीटर एवढंच शार्प असतं, म्हणजे नाक धरलं की कान गेला, आणि समोरून ढोलवाली मुलगी चालत येतेय. फोकस पीकिंगवर (शार्प भाग रंगवून दाखवणारी कॅमेऱ्यातली सोय) विसंबू नका, ते बघतं कडा. पैठणीचा काठ, नथीचे मोती, फेट्याचा तुरा यावर ते लालभडक होतं, आपण खूश होऊन दाबतो आणि घरी येऊन बघतो तर काठ खणखणीत, डोळे मऊ. सुरुवातीचे चाळीसेक फोटो माझे असेच गेले, काठांचा कॅटलॉग झाला नुसता. मग मॅग्निफायर एका बटणाला लावला, पण चालत्या माणसाला मोठं करून बघेपर्यंत तो निघून जातो. शेवटी युक्ती केली ती अशी, रस्त्यावर एक गटाराचं झाकण होतं माझ्यापासून सहाएक मीटरवर, त्याच्यावर फोकस लावून ठेवला, ५.६ केलं, म्हणजे हातभर जागा शार्प मिळते, आणि जो त्या झाकणावर पाय ठेवेल त्याला टिपायचं. शटर १/५०० सेकंदाहून सावकाश होऊ दिला नाही. लेझीमवाल्या पोरी, बुलेटवरच्या नऊवारीतल्या बायका, बापाच्या खांद्यावरचा शिवाजी महाराज झालेला आणि झोपेला आलेला पोरगा, सगळे त्या झाकणावर सापडले. नवरा म्हणाला तू माणसं बघतेयस की गटार.

अ‍ॅपर्चरच्या दोन रिंगा आहेत, त्याचं बऱ्याच जणांना कोडं पडतं, मलाही पडलं होतं. ही प्रीसेट पद्धत. एका रिंगेवर ठरवायचं की मला ५.६ पाहिजे, मग दुसरी रिंग नुसती पूर्ण उघडी ते ५.६ एवढ्यातच मागेपुढे फिरते, डोळे न हलवता. उघड्यावर फोकस करा, बोटाने रिंग टेकेपर्यंत फिरवा, क्लिक करा. फिल्मच्या काळात बंद अ‍ॅपर्चरला व्ह्यूफाइंडरमध्ये अंधार व्हायचा म्हणून ही सोय होती, मिररलेसवर तो अंधार होत नाही तरी मला ती आवडते कारण बोटाला आपोआप कळतं. शिवाय रिंग फिरवताना मधे टकटक नाही, व्हिडिओला छान. भोक लहान-मोठं करणारी पाती १२ आहेत, त्यामुळे बंद केलं तरी भोक गोलच राहतं. तलावपाळीला संध्याकाळी दिवे लागल्यावर पलीकडच्या काठाचे दिवे मागे घेऊन फोटो काढा, ५.६ ला पण गोल गोल लाडू येतात, षटकोन नाही. (आणि मग मामलेदार मिसळ. ते लेन्सचं वैशिष्ट्य नाही, पण तलावपाळीला जाऊन तशीच परत आले तर घरात घेणार नाहीत.)

पात्यांवर माझ्या तेल आलंय थोडं, आपल्या उकाड्यात जुनं ग्रीस पातळ होऊन येतं. एका रिपेअरवाल्याने त्याचे अडीच हजार सांगितले, "नहीं तो जाम हो जाएगा". नाही केलं. कॅमेरा ज्या पात्यांना क्षणात बंद करतो त्यांना तेल भोवतं, इथे पाती मी हाताने फिरवते, सावकाश फिरली तरी काय बिघडलं.

बिघडतं ते उजेडात. सूर्य समोर किंवा तिरका असला की फोटोवर ताक सांडल्यासारखं होतं, काळा काळा राहत नाही. काचेवरचं चमक मारणारं कोटिंग जुनं आहे, नंतरच्या एमसी लिहिलेल्या आवृत्तीत मल्टीकोटिंग आलं, ती मिळाली तर ती घ्या. मी ५२ मिलिमीटरचा धातूचा हूड, म्हणजे उजेड अडवणारी पुढची टोपी, लावला, अडीचशे रुपयांत, आणि फरक इतका पडला की हूड नसेल तर मी आता लेन्स बाहेर काढत नाही. शुभ्र कुर्ता आणि मागे काळी सावली असं असेल तर ३.५ ला जांभळी किनार पण येते, ५.६ ला बरीच जाते. शार्पनेसला कोपऱ्यांसकट बोलायचं तर ५.६ पासून पुढे तक्रार करायला जागा नाही.

जवळचं फोकस १.२ मीटर. ओवळेकर वाडीला फुलपाखरांसाठी नेली होती, तेवढ्यावर फुलपाखरू लहानच येतं, मग एम-४२ च्या एक्स्टेन्शन रिंगा मागवल्या, तीन रिंगा साडेतीनशेला, त्या लेन्स आणि कॅमेऱ्याच्या मधे घातल्या की आणखी जवळचं फोकस होतं. एक बारीक त्रास, अ‍ॅडॉप्टरवर पूर्ण आवळली की माझ्या लेन्सवरची आकड्यांची खूण वर न येता डावीकडे खाली येते, मान वाकडी करून वाचावं लागतं. अ‍ॅडॉप्टरला बारीक स्क्रू असतात ते सैल करून फिरवता येतं म्हणे, माझ्याकडे तेवढा छोटा पाना नाही. फोटोच्या माहितीत लेन्सचं नाव, अ‍ॅपर्चर काहीच येत नाही, लक्षात ठेवा किंवा सोडून द्या, मी सोडून दिलंय.

राहिला तो फंगसचा धागा. फोटोत दिसत नाही, पण ठाण्याचा पावसाळा म्हणजे भिंतीला बुरशी, चपलेला बुरशी, तर लेन्सला का नाही. स्टीलच्या हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवलीय, आत एक छोटा आर्द्रतेचा मीटर, चाळीस-पन्नासच्या मधे काटा ठेवते, जेल निळ्याचं गुलाबी झालं की कढईत मंद आचेवर गरम करून परत निळं करायचं. डबा पूर्वी लाडवांचा होता आणि त्यावरून घरात एकदा चर्चा झालेली आहे. गणपतीच्या आधी बाहेर काढून परत टॉर्च मारणार आहे, या वेळी दोन्ही बाजूंनी.