मार्केटयार्डचा भुसार बाजार: घरच्या किराण्यासाठी जावं का? माझा रिव्ह्यू

पुण्यात राहून दर महिन्याच्या किराण्याच्या बिलाने वैतागलेल्या सगळ्यांसाठी हे लिहितेय. गुलटेकडी मार्केटयार्डात भाजी-फळांचा भाग वेगळा, फुलांचा वेगळा, मी बोलतेय ते भुसार विभागाबद्दल, म्हणजे गहू तांदूळ डाळी गूळ साखर तेल मिरची मसाले सुकामेवा सगळं जिथं मिळतं ते गाळे. बऱ्याच जणांना अजून वाटतं की तिथं फक्त दुकानदारच माल भरतात, घरगुती गिऱ्हाइकाला कोणी उभं करत नाही. तसं अजिबात नाहीये. काही गाळ्यांवर फक्त गोणी मिळते पण पाच-दहा किलो देणारेही भरपूर आहेत, सरळ विचारायचं "काका, रिटेल देता का", नाही म्हणाले तर तेच शेजारचा गाळा दाखवतात.

आता मुद्द्याचं. भाव कमी असतोच, डाळी आणि सुक्या मिरचीत तर चांगलाच फरक पडतो, पण माझ्या मते इथली खरी बचत कुठल्या महिन्यात जाताय त्यावर आहे. मराठवाडा-विदर्भातली तूर डिसेंबरच्या आसपास निघायला लागते, हरभरा आणि रब्बी ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये, गहू मार्च-एप्रिल. म्हणजे मार्च अखेर ते एप्रिल या काळात जवळजवळ सगळा नवा माल बाजारात आलेला असतो, वर गच्चीत कडक ऊन असतं आणि पावसाळ्याला अजून वेळ असतो. आपल्या आज्या याच दिवसांत वर्षाचं धान्य भरायच्या ते उगाच नाही. याउलट गणपती ते दिवाळी या काळात मागणी वाढते आणि डाळींचे भाव चढलेले असतात. 2015 च्या दिवाळीच्या तोंडावर तूरडाळ दोनशे रुपये किलोपर्यंत गेलेली आठवत असेल, त्या वर्षी ज्यांच्या घरात उन्हाळ्यात भरलेली डाळ होती त्यांना काही वाटलं नाही, बाकीच्यांनी आमटी पातळ केली.

मला इथलं सगळ्यात आवडतं ते म्हणजे माल हातात घेऊन बघता येतो. गोणीत टोकदार लोखंडी नळी खुपसतात, ती बाहेर काढली की आतले गहू तळहातावर घरंगळतात, म्हणजे वरवरचा नाही तर पोटातला माल दिसतो. त्यातला एक दाणा दाताखाली धरायचा, कट्ट करून फुटला तर वाळलेला, नुसता दबला तर ओल आहे, तो गहू घरी नेऊन हमखास टोके होणार. तूरडाळ तळहातावर चोळून बघायची, फार चकचकीत आणि तेलकट लागली तर पॉलिश आहे, मी बिनपॉलिशच मागते, दिसायला मळकट असते पण शिजते छान आणि चवीला गोड लागते. तांदळात नवा-जुना विचारून घ्या. नवा इंद्रायणी मऊ भाताला मस्त, पण पुलाव करायचा असेल किंवा साठवायचा असेल तर जुनाच बरा. आणि कणी नक्की घ्या, अख्ख्या तांदळापेक्षा खूप स्वस्त मिळते आणि इडली, घावन, पेजेसाठी काहीही अडत नाही.

गोण्या 26 किंवा 30 किलोच्या का असतात हा प्रश्न बरेच जण विचारतात. 18 जुलै 2022 पासून लेबल लावलेल्या पॅकबंद धान्य-डाळींवर 5 टक्के जीएसटी लागला, पण तो 25 किलोपर्यंतच्या पॅकिंगला, त्याच्या वरच्या गोणीला नाही आणि सुट्ट्या मालालाही नाही. म्हणून 26 ची गोणी. आता चार माणसांच्या घरात 26 किलो डाळ कोण खाणार, तर बिल्डिंगमधल्या दोघी-तिघींनी मिळून एक गोणी घ्यायची आणि घरी वाटून घ्यायची, आम्ही तसंच करतो आणि टेम्पोचं भाडं पण वाटलं जातं.

तेलाच्या बाबतीत डोळे उघडे ठेवा प्लीज. 15 किलोचा डबा आणि 15 लिटरचा डबा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सोयाबीन किंवा सूर्यफुलाचं एक लिटर तेल साधारण 910 ग्रॅम भरतं, म्हणजे 15 लिटरच्या डब्यात साडेतेरा किलोच्या जरा वरच तेल असतं. दोन डब्यांच्या भावात शंभर-दीडशेचा फरक दिसला की आपण लिटरवाला उचलतो आणि प्रत्यक्षात तो महाग पडतो. आधी किलोचा भाव काढा मग ठरवा.

सगळं इथूनच घ्या असं मी म्हणणार नाही. साबण, भांड्याची पावडर, बिस्किटं, टूथपेस्ट यासाठी डीमार्टच परवडतं. बेसन, रवा, पोहे, शेंगदाणे हे पण वर्षाचं भरू नका, पावसाळ्यात दाण्यांना खवट वास येतो, बुरशी आलेले दाणे तर सरळ फेकून द्यायचे, निवडून खायचे नाहीत. हे महिना-दोन महिन्यांपुरतं घ्यायचं आणि रवा कोरडाच भाजून ठेवायचा.

आणि आणलेला माल नीट ठेवला नाही तर बचत किड्यांच्या पोटात जाते. गहू दोन-तीन उन्हं देऊन पूर्ण गार झाल्यावरच कोठीत, गरम भरला तर आत घाम सुटतो. मध्ये मध्ये वाळलेला कडुलिंबाचा पाला. डाळीला आणि कडधान्याला किलोमागे एक छोटा चमचा एरंडेल चोळायचं. मसाल्याच्या बरणीत हिंगाचे खडे. बाजारात कोणी कोठीत टाकायला पाऱ्याच्या गोळ्या नाहीतर सल्फासच्या गोळ्या सुचवल्या तर अजिबात घेऊ नका. सल्फासमधून विषारी वायू निघतो, बंद घरात माणसं दगावलेली आहेत, चार किलो गहू वाचवायला असली रिस्क घ्यायची गरज नाही.

त्रास पण सांगते. पार्किंगची बोंब आहे, ट्रक-टेम्पोच्या गर्दीत लहान मुलांना नेऊ नका. सगळे गाळे सारखे नाहीत, एका ठिकाणी नमुना एक दाखवला आणि भरून दिला दुसराच, तेव्हापासून माझ्यासमोर मापल्याशिवाय मी पैसे देत नाही. घासाघीस फार चालत नाही, पण दोन-तीन गाळ्यांवर भाव विचारून मग घेतलं तर कोणी नाराज होत नाही. नवीन माणसाला पहिल्यांदा गोंधळायला होतं, त्यामुळे आधी थोडाच माल घ्या, घरी शिजवून बघा, पटला तर त्याच गाळ्यावरून मोठी खरेदी करा. माझा गाळा असाच ठरला, आता फोनवर भाव विचारते आणि नवा माल आला की ते काका स्वतःहून सांगतात.

माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा पार्किंगचा कापला. दिवाळीत पूना मर्चंट्स चेंबरचे ना नफा ना तोटा लाडू-चिवडा पण इथंच मिळतात, रांग असते पण घ्या. रविवारी भुसार बंद असतो, मधल्या वारी सकाळीच जा. गोणी उचलायला हमाल असतात, त्यांची हमाली घासाघीस न करता द्या, आणि भूक लागली तर हमाल पंचायतीच्या "कष्टाची भाकर" या खानावळीत झुणका-भाकर खा, स्वस्त आणि घरच्यासारखी. निघताना पक्की पावती आणि घरून नेलेल्या जाड कापडी पिशव्या विसरू नका, सुट्ट्या डाळीला त्या लागतातच.