भूमध्य समुद्राची क्रूझ: पश्चिमेची घ्यावी की पूर्वेची?

क्रूझच्या जाहिरातीत 'रोम' लिहिलेलं असतं, पण जहाज रोमला जात नाही. ते चिवितावेक्कियाच्या धक्क्याला लागतं आणि तिथून रोम ७०-८० किलोमीटरवर. 'फ्लॉरेन्स' म्हणजे लिव्होर्नो. पुढे ९० किलोमीटर. 'अथेन्स' म्हणजे पिरेअस, ते त्यातल्या त्यात खरं, कारण तिथून मेट्रोनं वीसेक मिनिटांत गावात पोचता येतं. आणि कोणी अजून 'व्हेनिस' विकत असेल तर नीट विचारून घ्या. ऑगस्ट २०२१पासून २५ हजार टनांवरच्या जहाजांना सॅन मार्को चौकासमोरून जायला बंदी आहे. ती मार्गेराच्या कारखान्यांच्या बंदरात जातात, नाहीतर थेट ट्रिएस्ते किंवा रावेन्नाला. म्हणजे व्हेनिस बघायला पुन्हा रेल्वे किंवा बस आलीच.

मी दोन्ही बाजूंच्या क्रूझ केल्या आहेत. आधी मे महिन्यात आई-बाबांना घेऊन पश्चिमेची: बार्सिलोना, मार्सेय, जेनोआ, चिवितावेक्किया, नेपल्स, माल्टा आणि परत बार्सिलोना. पुढच्या वर्षी नवरा आणि मी, पूर्वेची: पिरेअसहून निघून मिकोनोस, कुशादासी, रोड्स, क्रीट, सांतोरिनी. गणपतीच्या आधी घरी यायचं म्हणून ऑगस्टमध्ये गेलो. ती चूक होती, त्याबद्दल पुढे. दोन्ही सात रात्रींच्या. आता 'कुठली चांगली?' असं कोणी विचारलं की मी उलट विचारते, बरोबर कोण आहे, आणि त्यांचे गुडघे कसे आहेत?

पश्चिमेचा एक दिवस

रोमच्या दिवसाचा हिशेब मांडते, म्हणजे अंदाज येईल. जहाज सकाळी ७ला लागलं. आठ वाजता आम्ही खाली उतरलो. बंदराच्या आतून चालता येत नाही, म्हणून आधी फाटकापर्यंतची बस, मग स्टेशनपर्यंत दुसरी. लोकल गाडी सव्वा तास घेते. रोममध्ये पाय ठेवला तेव्हा दहा वाजून गेले होते. संध्याकाळी साडेपाचच्या आत जहाजावर परतायचं, म्हणजे तीनची गाडी धरायची. त्यानंतरची धरली आणि ती रखडली तर जहाज थांबत नाही. हातात उरले साडेचार तास, त्यात ७१ वर्षांचे बाबा, आणि कलोसियम, ट्रेव्ही आणि व्हॅटिकन सगळंच बघायचं म्हणणारी आई. आम्ही एक शहाणपण केलं: मुख्य टर्मिनी स्टेशनपर्यंत न जाता सान पिएत्रो स्टेशनला उतरलो. तिथून सेंट पीटर्सचा घुमट चालत दहा-पंधरा मिनिटांवर आहे. व्हॅटिकनचा चौक, एक जेवण, नदीवरचा पूल, आणि परत. कलोसियम राहिलंच. बाबा गाडीत म्हणाले, "रोम बघितलं असं सांगू नकोस कोणाला, रोमला शिवून आलो म्हण."

जहाजाची स्वतःची सहल घेतली तर बस दारातून नेते, आणि तिला उशीर झाला तर जहाज थांबतं. त्या 'थांबण्याचे' पैसे मात्र माणशी रेल्वेच्या कित्येक पट. रोम आणि फ्लॉरेन्ससाठी मी ते पैसे देईन, कारण मनाची धाकधूक वाचते. बाकी पश्चिमेला कुठेही देणार नाही.

कारण बाकी बंदरं गावात आहेत. नेपल्सला जहाजातून उतरलं की रस्ता ओलांडून समोर किल्ला. गारिबाल्डी स्टेशनवरून जुनाट, गर्दीची लोकल पकडली की ३५-४० मिनिटांत पाँपेई. पण म्हातारी माणसं बरोबर असतील तर पाँपेईच्या आधीच, एर्कोलानोला उतरा. तेही इसवीसन ७९मध्ये व्हेसुव्हियसनंच गाडलेलं गाव, आकारानं लहान, त्यामुळे दीड-दोन तासांत बघून होतं. लाकडी तुळया, जळून कोळसा झालेल्या खिडक्यांच्या चौकटी अजून तशाच आहेत. पाँपेईत त्या फारशा दिसत नाहीत. पाँपेईत तर दिवसाला २० हजार माणसांची मर्यादा घातली आहे आणि तिकिटावर नाव लागतं, म्हणजे ते आधीच काढायला हवं. बार्सिलोनाच्या साग्रादा फामिलियाचंही तसंच. १८८२पासून बांधकाम चालू असलेलं ते देऊळ बघायला ऐनवेळी तिकीट मिळेल या आशेवर जाऊ नका.

जेनोआला बहुतेक प्रवासी उतरून पोर्टोफिनोला जातात. आम्ही आळस केला आणि गावातच राहिलो, तर तोच आईचा सगळ्यात आवडता दिवस ठरला. बंदरामागच्या गल्ल्या इतक्या अरुंद की दोन माणसं एकमेकांना वाट देऊन जातात. एका भट्टीवाल्याकडे लोखंडी परातीतून त्रिकोणी तुकडे कापून देत होते, कडा तपकिरी, वर मिरपूड. 'फारिनाता'. आईनं एक घास घेतला, थांबली, आणि म्हणाली, "अगं, हे बेसनाचं धिरडं आहे. मिरची घालायला विसरलेत." खरंच, हरभऱ्याचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल, मीठ, बस. शाकाहारी माणसाला त्या सात दिवसांत बंदरावर मिळालेलं सगळ्यात निर्धास्त खाणं तेच.

पूर्वेला लाँच

पूर्वेकडच्या क्रूझमध्ये अंतराचा त्रास कमी, पण वेगळी मेख आहे. सांतोरिनीला मोठ्या जहाजाला लागायला धक्काच नाही. ज्वालामुखीच्या बुडालेल्या तोंडात पाणी खूप खोल आहे, जहाज मधेच उभं राहतं आणि स्थानिक लोकांच्या लाँच येऊन माणसं नेतात. भाऊच्या धक्क्यावरून किंवा गेटवेहून लाँचनं गेलेल्याला यात नवल नाही. फरक एवढाच, की इथं लाँचमधून उतरल्यावर समोर २००हून जास्त मीटर उंच उभा कडा, आणि फिरा नावाचं गाव त्याच्या माथ्यावर.

वर जायला तीन वाटा. केबल कार, साडेपाचशेच्या वर पायऱ्या, किंवा त्याच पायऱ्यांवरून गाढव. गाढवावर बसू नका. त्या जनावरांचे हाल बघवत नाहीत. पायऱ्या चढायच्या तर त्याच गाढवांच्या लेंड्यांतून. म्हणून सगळे केबल कारकडे. ती तीन मिनिटांत वर नेते, पण रांग? त्या दिवशी खाली चार जहाजं होती. सकाळी वर जायला ४० मिनिटं लागली, त्याचं काही वाटलं नाही. परत येताना मात्र दुपारी तीनच्या उन्हात, फिराच्या गल्लीत, दोन्ही बाजूंना दागिन्यांची दुकानं आणि मधे आमची रांग, दीड तास. माझ्या पुढच्या बाई वहीच्या पुठ्ठ्यानं वारा घेत होत्या. मागे एका काकांनी बूट काढून हातात धरले होते. त्या रांगेत मला सारखे बाबा आठवत होते, आणि त्यांना इथं आणलं नाही याचं बरं वाटत होतं.

गर्दी आता सरकारलाही झेपेना. २०२५पासून सांतोरिनीत क्रूझच्या प्रवाशांची दिवसाला आठ हजारांची मर्यादा आहे, आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत सांतोरिनी आणि मिकोनोस दोन्हीकडे उतरायला माणशी २० युरो कर. तो बिलात जोडून येतो, म्हणून तिकिटाची किंमत बघताना लक्षात ठेवा.

मिकोनोस आम्ही बघितलं ते डेकवरून. एजियन समुद्रावर जुलै-ऑगस्टमध्ये मेल्तेमी नावाचा उत्तरेचा वारा सुटतो. आकाश निळंशार, ढगाचा पत्ता नाही, आणि वारा असा की कठड्याला धरून उभं राहावं लागतं. सकाळी सात वाजता कॅप्टननं घोषणा केली, मिकोनोस रद्द. समोर पांढरी घरं, पवनचक्क्या, सगळं दिसतंय, आणि आपण बुफेत चहा पितोय. वाऱ्यानं बंदर चुकलं तर नुकसानभरपाई मागायची सोय नसते; बंदराचा कर तेवढा परत मिळतो. पश्चिमेलाही मार्सेयच्या बाजूला मिस्त्राल हा वारा आहे, पण तिथली बंदरं भक्कम आहेत, जहाज धक्क्याला लागतं, त्यामुळे दिवस वाया जायची भीती कमी.

एवढं रडगाणं गायल्यावर हेही सांगते: पूर्वेची क्रूझ मला जास्त आवडली.

कारण ती समुद्राची सहल वाटते. पश्चिमेला जहाज म्हणजे फिरतं हॉटेल. रात्री झोपायचं, सकाळी मोठ्या शहरात उतरून धावायचं. शिवाय तिथल्या बऱ्याच जहाजांवर प्रत्येक बंदरात नवे प्रवासी चढतात आणि जुने उतरतात. रोज कोणाचा तरी पहिला दिवस, कोणाची तरी सामानाची गडबड. पूर्वेला सगळे एकत्र निघालो, एकत्र परतलो. संध्याकाळी बेटांमधून जहाज जायचं तेव्हा उजवीडावीकडे सतत काहीतरी दिसत राहायचं, एखादं उजाड बेट, त्यावर एकटंच पांढरं देऊळ. रोम, बार्सिलोना, फ्लॉरेन्स विमानानं, रेल्वेनं जाऊन चार दिवस राहून बघता येतात, आणि तसंच बघावं. बेटांमागून बेटं बघायला मात्र जहाजच हवं.

तुर्कस्तानातल्या कुशादासीहून एफेसस हे जुनं शहर वीसेक किलोमीटर. तिथल्या संगमरवरी उतरणीवरून चालत खाली आलात की सेल्ससच्या ग्रंथालयाचं दुमजली तोंड समोर येतं. रोमच्या धावपळीत जे हाती लागलं नाही, ते रोमन शहर इथं तीन तासांत निवांत बघितलं. सकाळी आठला पोचा. ऊन वर आलं की तिथं सावलीला झाडही मिळत नाही. अथेन्सच्या अॅक्रोपोलिसचं तर असं, की २०२३च्या जुलैत उष्म्यामुळे ते भर दुपारी बंदच ठेवत होते. म्हणून म्हटलं ऑगस्ट चुकला. मे, किंवा सप्टेंबरचा शेवट ते ऑक्टोबर. मग गणपतीही घरी होतील.

रोड्स आणि माल्टा ही दोन बंदरं मला एकमेकांची भावंडं वाटली, आणि इतिहासानंही ती तशीच आहेत. सेंट जॉनच्या सरदारांना, म्हणजे ख्रिस्ती योद्ध्यांच्या एका संघाला, तुर्कांच्या सुलतान सुलेमाननं १५२२मध्ये रोड्सवर हरवून बाहेर काढलं, १५३०मध्ये त्यांना माल्टा मिळालं, आणि १५६६पासून त्यांनी तिथं वॅलेटा वसवलं. दोन्हीकडे जहाजातून उतरून चालत तटबंदीच्या आत जाता येतं. वॅलेटाला तर धक्क्याजवळून उंच लिफ्ट सरळ वरच्या बागेत सोडते. गुडघ्यांचा प्रश्न असलेल्या माणसासाठी यासारखं बंदर नाही. जहाज ग्रँड हार्बरमध्ये शिरतं तेव्हा झोपू नका, डेकवर जा.

खाणं, पैसे, व्हिसा

खाण्याचं फार मनावर घेऊ नका. बुकिंग करतानाच शाकाहारी किंवा जैन असं लिहून द्या आणि पहिल्या संध्याकाळी वेटरला पुन्हा सांगा. आमच्या पश्चिमेच्या जहाजावर तो मडगावचा निघाला. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला तारवटी म्हणतात; अशी घरं तिथं पुष्कळ. तिसऱ्या दिवसापासून आईच्या पानात न मागता वरण-भात आणि वाटीत हिरव्या मिरच्या येऊ लागल्या. पूर्वेच्या छोट्या जहाजावर असा कोणी भेटला नाही, पण ग्रीक खाणं शाकाहाऱ्याला सोपं जातं: दही, काकडी, वांगी, भरलेल्या द्राक्षाच्या पानांतला भात. तो भात कधी कधी खिम्याचा असतो, विचारून घ्या.

टिप रोज माणशी बिलात आपोआप लागते. चौघांच्या कुटुंबाला सात दिवसांची ती रक्कम दचकवते. वाय-फाय, बाटलीबंद पाणी, कॉफी वेगळी. समुद्रात फोन विमान मोडवर ठेवा, नाहीतर जहाजाचं सॅटेलाइट नेटवर्क पकडून फोन बिल वाढवत बसतो. युरोपचं ई-सिम कुशादासीत बहुधा चालत नाही. पूर्वेला घड्याळाचाही घोळ आहे: इटलीहून निघालेलं जहाज ग्रीसला गेलं की स्थानिक वेळ तासभर पुढे, आणि जहाजानं आपलं घड्याळ बदललं की नाही हे रोजच्या पत्रकात लिहिलेलं असतं. फोन स्वतःहून स्थानिक वेळ दाखवतो. परतायची वेळ मात्र जहाजाच्या घड्याळावर.

आणि व्हिसा. स्पेन, फ्रान्स, इटली, माल्टा सगळे शेंगेनमध्ये, त्यामुळे पश्चिमेला एकच व्हिसा. जिथं जास्त दिवस, त्या देशाकडे अर्ज. दिवस सारखे असतील तर जिथून पहिला प्रवेश. पूर्वेला कुशादासीला उतरलात की तुम्ही शेंगेनच्या बाहेर गेलात, परत ग्रीसला शिरायला पुन्हा प्रवेश लागतो. म्हणून फॉर्मवर 'मल्टिपल'लाच खूण करा, आणि तुर्कस्तानचा ई-व्हिसा वेगळा लागतो का हे बुकिंग करतानाच विचारून ठेवा. आमच्याबरोबरच्या एका जोडप्याच्या पासपोर्टवर एकच प्रवेश होता. त्यांना विमानतळावरून परत पाठवलं नाही, पण कुशादासीच्या दिवशी सगळे एफेससला गेले आणि ते दोघं रिकाम्या जहाजावर पत्ते खेळत बसले होते.